मिस्त्री, ओव्हरसियर, साहेब: पदनामांचा इतिहास आणि सहीचा अधिकार

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. पदनामांचा इतिहास. पण आपण सगळे हा इतिहास रोज वापरतो, म्हणून तो पाटोद्यातच मांडावा असं आम्हाला वाटलं.

लाईट गेली की आपण फोन कोणाला करतो? वायरमनला. तो येतो, खांबावर चढतो, जंप जोडतो, लाईट येते. अर्ज मात्र आपण लिहितो 'मा. अभियंता साहेब' यांच्या नावाने. महावितरणच्या कागदोपत्री तो वायरमन आता 'तंत्रज्ञ' आहे, 'जनमित्र'सुद्धा आहे. गावाच्या तोंडी तो वायरमनच राहिला, आणि अभियंता आला की 'साहेब आले'. हा फरक कशाचा? शिक्षणाचा, हे पहिलं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आमचं म्हणणं असं, की हा फरक मुख्यतः दोन गोष्टींचा आहे. कागदावर सही कोणी करायची, आणि त्या सहीच्या जागेपर्यंत चढून जायची वाट कोणाला मोकळी आहे.

थोडं मागे जाऊ. बीडजवळची खजाना विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या निजामशाहीत, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधवली, आणि तिची रचना राजा भास्कर याने केली असं सांगतात. करवून घेणाऱ्याचं नाव राहिलं, रचना करणाऱ्याचंही राहिलं. दगड घडवणाऱ्या पाथरवटांचं, गवंड्यांचं राहिलं नाही. म्हणजे डोकं आणि हात यांतलं अंतर इंग्रजांनी आणलेलं नाही, ते आपल्याकडे आधीपासून होतं, आणि त्याला जातीचा पाया होता. इंग्रजांनी काय केलं, तर त्या अंतराला वेतनश्रेणी दिली, परीक्षा दिली आणि पदनाम दिलं.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. आजचं सीओईपी ते हेच. त्याचा मूळ हेतू सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम कर्मचारी तयार करणं हा होता. साहेब विलायतेहून येणार, त्याच्या हाताखाली माप घेणारा, नकाशा वाचणारा, मजुरांवर नजर ठेवणारा माणूस इथला हवा. रुडकीच्या कॉलेजातही इंजिनियर आणि दुय्यम कर्मचारी यांचे वर्ग वेगळे होते. पुढे १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे खास हिंदुस्थानच्या नोकरीसाठी इंजिनियर घडवणारं कॉलेज निघालं, ते १९०६ पर्यंत चाललं. अशी उतरंड तयार झाली: वर एक्झिक्युटिव्ह इंजिनियर आणि असिस्टंट इंजिनियर, मग सुपरवायझर आणि ओव्हरसियर, त्याखाली सब-ओव्हरसियर, आणि अगदी तळाला मिस्त्री, मुकादम, मजूर. ओव्हरसियर म्हणजे शब्दशः वरून बघणारा. बघायचं त्याने, ठरवायचं दुसऱ्याने.

आता एक नाव घेऊ, विश्वेश्वरय्या. पुण्यातून १८८३ साली ते एल.सी.ई. झाले, पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. एवढं करूनही मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर त्या काळी भारतीय माणूस बसण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी मुदतीआधीच ती नोकरी सोडली. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर त्यांना हैदराबादला बोलावलं गेलं, आणि १९०९ साली म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता केलं. त्यांच्या वाढदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो. ज्ञान पूर्ण असूनही शिडीची शेवटची पायरी बंद असू शकते, हेही त्या दिवशी आठवायला हरकत नाही.

आपला भाग तर निजामाच्या राज्यात होता. तिथे काय होतं? आपल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात मांजरा उगम पावते. ही नदी पुढे तेलंगणात जाते, आणि तिच्यावर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर धरण बांधलं गेलं. मुख्य अभियंते होते नवाब अली नवाज जंग. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कूपर्स हिललाच शिकले होते. म्हणजे संस्थानात इथल्या माणसाला वरची खुर्ची मिळाली, पण शिक्का विलायतेचा होता. आणि त्यांच्या हाताखाली ओव्हरसियर, सुपरवायझर ही उतरंड तशीच होती.

संस्थान गेलं, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि हैदराबादच्या नोकरवर्गाची तीन राज्यांत वाटणी झाली. त्यातून एक गाजलेला खटला निघाला. आंध्र प्रदेशाकडे गेलेल्या, पदवी नसलेल्या सुपरवायझरांची तक्रार अशी, की काम तेच, मग बढतीत पदवीधरांना झुकतं माप का? मोहम्मद शुजात अली प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी मान्य केली नाही. मात्र एक सावधगिरीही नोंदवली. वरच्या पदाच्या कामाला ज्या शिक्षणाची गरज नाही, त्या शिक्षणावरून वाट अडवली तर समतेचं तत्त्व पोकळ होईल. इंग्रजांच्या काळात भिंत रंगाची होती, स्वातंत्र्यानंतर ती पदवीची झाली.

याच सुमारास आपल्याकडे शब्द बदलत होते. महाराष्ट्र राज्य झालं, १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, पदनाम कोश तयार झाला. इंजिनियरचा 'अभियंता' झाला. ओव्हरसियर हळूहळू जाऊन 'कनिष्ठ अभियंता' आला. आता गंमत बघा. पदविका घेतलेला मुलगा राज्याच्या बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. तोच मुलगा केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली गेला, तर 'टेक्निशियन अप्रेंटिस' म्हणवला जातो. आणि महावितरणात 'तंत्रज्ञ' म्हणजे आयटीआय झालेला. एकच शब्द, शिडीच्या दोन वेगळ्या पायऱ्यांवर. तेव्हा शब्दावरून माणसाची लायकी ठरवायला जाऊ नये.

पण सही? ती जागची हलली नाही. १९७२ चा दुष्काळ इथल्या घराघरात माहीत आहे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ पासून लागू झाला. या कामांवर मजुरी ठरते मापावरून. किती खोदलं, किती भरलं, त्याची नोंद मोजमाप पुस्तकात, खात्याच्या भाषेत एम.बी.मध्ये. मस्टरवर हजेरी घेणारा हजेरी सहायक दिवसभर कामावर उभा असायचा. खड्डा मुरमाचा आहे की मातीचा, हे टोळीतल्या बाईलाही दिसतं. पण माप कागदावर उतरतं आणि अभियंत्याची सही होते, तेव्हाच पैसे निघतात. सही लांबली की चूल थांबते. पदनामाचा प्रश्न इथे मानपानाचा राहत नाही, तो पोटाचा होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सहीबरोबर जबाबदारी येते. तलाव फुटला, पूल खचला, तर चौकशी सही करणाऱ्याची होते. खांबावर चढण्याआधी लाईन बंद करून परमिट घ्यायचं असतं, त्या कागदालाही अर्थ आहे. मात्र जिवाची जोखीम वर चढलेल्याची असते. कागदाची जोखीम एकाकडे आणि देहाची दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. पगार आणि मान ठरवताना आपण पहिली जोखीम मोजतो, दुसरी मोजत नाही.

आज दहावी झालेली मुलं-मुली आपल्या तालुक्यातून निघतात. कोणी आयटीआयला, कोणी बीडच्या तंत्रनिकेतनात, कोणी शेत गहाण टाकून अभियांत्रिकीच्या पदवीला. 'आयटीआय केलं' हे वाक्य घरात खाली मान घालून बोललं जातं, आणि पदवी घेऊन घरी बसलेल्याला मात्र इंजिनियर म्हणून स्थळं येतात. हे त्या मुलांचं अपयश नाही, दीडशे वर्षांच्या शिडीची ही सावली आहे.

म्हणून मुलांना आणि सरकारलाही विचारायचे प्रश्न तीन. या कामात माझ्या अनुभवाची नोंद कागदावर होते का? माझ्या देहाच्या जोखमीचा मोबदला मिळतो का? आणि इथून वर जायची वाट आहे का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर वायरमनला तंत्रज्ञ म्हणा की जनमित्र म्हणा, फरक फक्त पाटीवर पडेल. आयटीआयवाल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकावाल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आज आहे. नोकरीत असलेल्या माणसाला ती वाट पगार न बुडवता चालता आली पाहिजे. पदनाम बदलण्यापेक्षा ते काम मोठं आहे, आणि मागणी करायची तर तिची करायला हवी.

इथे थांबतो.