उकिरड्याकडून उपवनाकडे : शेजारधर्माचा एक इतिहास

शहरांचा इतिहास लिहिताना इतिहासकार किल्ले, बंदरे, गिरण्या आणि बाजारपेठा यांची नोंद घेतात. त्या शहराचा उकिरडा कोठे होता आणि तो कोण उपसत होते, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक वस्तीचे आरोग्य तिच्या राजमार्गापेक्षा उकिरड्यावर अधिक अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील काही शहरांत सामान्य रहिवाशांनी हा प्रश्न आपापल्या गल्लीपुरता हाती घेतला आणि कायद्याने पुढे तीच वाट धरली. तो वृत्तान्त सुज्ञ वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आपल्या जुन्या घरांत टाकाऊ असे फारसे काही नसे. फाटक्या लुगड्याची गोधडी होई आणि गोधडी विरली की तिचे पायपुसणे. रद्दी, बाटल्या व भंगार वजनावर विकले जाई. खरकटे गोठ्यात जाई आणि सांडपाणी परसातील अळूला. कापडाच्या व्यापारात आजही कातरलेली चिंधी फेकून देत नाहीत. तिलाही गिऱ्हाईक असते. परंतु शहरांतून गोठे व परसे नाहीशी झाली, प्लास्टिकची पिशवी आली आणि ही साखळी तुटली. ओले व सुके एकाच पिशवीत बांधले जाऊ लागले आणि दोहोंचेही मोल गेले. वस्तू मिसळली की तिचा कचरा होतो, हे साधे सूत्र पुढील सर्व प्रयत्नांच्या मुळाशी आहे.

१९८९ साली मद्रास येथे एम. बी. निर्मल या बँक अधिकाऱ्यांनी ‘एक्स्नोरा’ ही संस्था स्थापन केली. तिची पद्धत सुटसुटीत होती. एका रस्त्यावरील रहिवाशांनी एकत्र यावे, दरमहा थोडी वर्गणी काढावी आणि कचरा वेचून पोट भरणाऱ्या एखाद्या माणसास तीनचाकी गाडी देऊन घरोघरचा कचरा नेण्याचे काम सोपवावे. त्यास ‘कचरेवाला’ न म्हणता रस्ता सुशोभित करणारा, अशा अर्थाचे नाव देण्यात आले. नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी या बदलाचा अवश्य विचार करावा.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली व लाखो लोकांनी शहर सोडले. आम्हा कापड व्यापाऱ्यांना सुरत म्हणजे साड्यांची पेठ. ती पेठ ओस पडल्याची वार्ता ऐकून अस्वच्छतेचा खर्च किती असतो, हे सर्वांना उमगले. पुढच्याच वर्षी एस. आर. राव तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि अल्पावधीत सुरतेचे नाव स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. याच काळात बंगळूरच्या अल्मित्रा पटेल यांनी एक्स्नोराच्या कार्यकर्त्यासह अनेक शहरांचा दौरा करून कचऱ्याची स्थिती पाहिली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्या ओघात २००० साली घनकचऱ्याविषयीचे पहिले देशव्यापी नियम आले. घरोघरी संकलन व वर्गीकरण ही त्यांतील तत्त्वे काही गल्ल्यांनी आधीच आचरणात आणली होती.

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९६ च्या सुमारास आपली गल्ली स्वच्छ ठेवण्याचा निर्धार केला. त्यांचे उदाहरण पाहून महापालिकेने १९९७ मध्ये ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आखली. घरात दोन डबे, ओल्या कचऱ्याचे गांडूळखत, सुका कचरा वेचकांच्या हाती आणि त्या खतावर गल्लीतील झाडे, असा तिचा क्रम होता.

पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही वेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले. उकिरड्यात हात घालून दिवसभर वाकणाऱ्या या बहुसंख्य भगिनींना ओळखपत्र मिळाले आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने दारोदार संकलनाचा करार केला. गृहिणीने कचरा वेगळा करून दिला, तर दुसऱ्या एका गृहिणीचे हात घाणीपासून वाचतात. या व्यवहारात उपकार कोणाचाच नाही.

खताला माती हवी आणि शहरात तर माती नाही. कोल्हापूरकडील गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे घरचा ओला कचरा व पालापाचोळा यांपासून थोड्या जागेत फळे-भाज्या पिकविण्याची विद्या लोकांना दिली. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीगृहातील उसाची चिपाडे पिशव्यांत भरून गच्चीवर शेती फुलविली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तेथीलच ओल्या कचऱ्यावर फळझाडे वाढविली.

तथापि हा इतिहास केवळ गौरवाचा नाही. उत्साही मंडळी वृद्ध झाली, नवे हात पुढे आले नाहीत आणि मुंबईतील अनेक परिसर समित्या नावापुरत्या उरल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचराडोंगर पेटला आणि कित्येक दिवस धुराने आसमंत कोंडला. त्या धुरात श्वास घेणारी लेकरे बहुतांशी गरिबांची होती. ज्यांच्या पिशव्या तेथे जळत होत्या, ते मात्र दूर राहत होते. पुढे २०१७ मध्ये मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, अशी सक्ती मुंबई महापालिकेने केली. ज्या संकुलांत शेजाऱ्यांची एकी होती, तेथे ती पाळणे सुकर गेले. अन्यत्र मुदतवाढीचे अर्ज झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नियम हे हुंडीसारखे असतात. ती सकारणारा असेल तरच तिला मोल. कचऱ्याच्या बाबतीत तो सकारणारा प्रत्येक घराच्या ओट्याशी उभा आहे. वाचकहो, आपल्या इमारतीत दोन डबे आहेत काय, कचरा नेणाऱ्या भगिनीचे नाव आपणांस ठाऊक आहे काय, आणि आज हे काम पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या मागे ते कोण पाहील, या तीन प्रश्नांची उत्तरे आपण आपल्या शेजाऱ्यांसह शोधावीत, ही नम्र विनंती.