पाप, गुन्हा आणि आजार

गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी गेले. लहानगा देबू आईबरोबर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने दारू-मटणाची रीत मोडून गोडाचे जेवण घातले. वऱ्हाडातल्या व्यसनमुक्तीच्या इतिहासाची सुरुवात ही अशी घरातूनच झाली. चांदूर रेल्वेच्या शेजारी तिवसा तालुक्यात मोझरी आहे. तेथे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीच्या तालावर गावोगाव व्यसनाविरुद्ध लोकांना जागे केले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही मद्यपींनीच एकमेकांना सावरण्याची चळवळ सुरू झाली.

संतांनी व्यसनाला वाईट म्हटले, पण व्यसनी माणसाला टाकले नाही. समाजाने मात्र पुष्कळदा दोन्ही एकच मानले. ‘मनात आणले तर सुटेल’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले, कदाचित म्हटलेलेही असेल. मग मनात आणूनही का सुटत नाही?

हा प्रश्न वैद्यकाने फार पूर्वी विचारला होता. स्कॉटिश नौदल वैद्य टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली मद्यासक्तीवर प्रबंध लिहून तिला मनाचा आजार म्हटले. आज त्याचे कारण बरेच स्पष्ट झाले आहे. अल्कोहोल मेंदूतील चेतापेशींवरचा ‘ब्रेक’ वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. त्यामुळे तेवढ्याच नशेला जास्त दारू लागते. ती एकदम बंद केली, की ब्रेक निघून जातो आणि जोर तेवढाच राहतो. हात थरथरतात, झोप उडते, कधी झटके येतात, भ्रम होतो. म्हणूनच अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावणे धोक्याचे असते. तेथे डॉक्टर हवा.

ही गोष्ट मराठी वाचकाला घरच्या भाषेत कोणी सांगितली? १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे ‘गर्द’, पसरली. अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्या १९९७ साली गेल्या, काम मात्र चालू राहिले. या कामाशी जोडलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि ‘मुक्तिपत्रे’, ‘शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट’ अशा पुस्तकांतून हा विषय दवाखान्याबाहेर आणला. डॉक्टर आपल्यालाच पत्र लिहीत आहे, असे वाटले की वाचणाऱ्याची लाज थोडी कमी होते.

१९८६ हेच वर्ष विदर्भाला दुसऱ्या कारणासाठी आठवते. १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले. त्यानंतरच्या दशकांत अशा बातम्यांनी वऱ्हाडातली वर्तमानपत्रे भरली. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव ही कारणे खरी आहेत. त्यांना ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणून झाकणे हा अन्याय आहे. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवले होते, की आत्महत्येची मुळे समाजातही असतात. पण संकट असलेल्या सगळ्याच घरांत हे घडत नाही. नैराश्य, एकटेपणा आणि दारू यांची भर पडली की धोका वाढतो. दारू आवेग मोकळा सोडते आणि जिवावर बेतणारा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो. तो टळला, की माणूस पुन्हा जगण्याकडे वळू शकतो.

कायद्याला हे उशिरा समजले. आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्याने गृहीत धरले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली.

उपचार गावापर्यंत पोहोचू शकतात का? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी बोलावे, गरज असेल त्याला समुपदेशक व डॉक्टरांकडे न्यावे, अशी त्याची रचना होती. मनोविकारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले होते. बहुसंख्य लोक अजून बाहेरच होते, हेही त्याच आकड्यात दिसते.

शिक्षकाचे काम येथून सुरू होते. वर्गात एखादा मुलगा अचानक गप्प होतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, ‘मी नसलो तरी काय’ असे बोलून जातो. त्याला बाजूला घेऊन सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ अशा विचारण्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे, डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ हा शासनाचा ‘टेली-मानस’ क्रमांक २०२२ पासून आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवायला एक खडू पुरतो.