सामाजिक अंकेक्षण: गावापुढे वाचला जाणारा हिशेब

शासकीय खर्चाचे लेखापरीक्षण प्रामुख्याने कागदपत्रांच्या आधारे होते. हजेरीपत्रक, देयक आणि मोजमाप पुस्तिका यांचा मेळ बसला की हिशेब नियमित ठरतो. मात्र हजेरीपत्रकातील मजूर कामावर खरोखर होता का, याचे उत्तर गावाकडेच असते. कार्यालयातील नोंद आणि गावाची माहिती समोरासमोर आणणाऱ्या प्रक्रियेला सामाजिक अंकेक्षण म्हणतात.

उगम

या पद्धतीची मुळे राजस्थानात आहेत. तेथे 1990 मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने किमान वेतनासाठी लढा उभारला. मजुरी कमी मिळाल्याची तक्रार सिद्ध करायची तर हजेरीपत्रक हवे, आणि तेच मजुरांना दाखवले जात नव्हते. त्यामुळे वेतनाची मागणी माहितीच्या मागणीपर्यंत पोहोचली. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. विकासकामांच्या नोंदी तेथे ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचण्यात आल्या. 1996 मध्ये ब्यावर येथे याच मागणीसाठी दीर्घ धरणे झाले. पुढे या चळवळीला देशभरातून बळ मिळाले आणि 12 ऑक्टोबर 2005 रोजी माहिती अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला.

कायदेशीर आधार

महाराष्ट्रात 1972 पासून राबवलेल्या रोजगार हमी योजनेचा अनुभव 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे होता. या केंद्रीय कायद्याच्या कलम 17 ने कामांच्या सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी ग्रामसभेवर सोपवली. हजेरीपत्रके, देयके, मोजमाप पुस्तिका व मंजुरी आदेशांच्या प्रती उपलब्ध करून देणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक झाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांशी विचारविनिमय करून 2011 मध्ये केलेल्या नियमांनी दर सहा महिन्यांतून किमान एकदा अंकेक्षणाची तरतूद केली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही रास्त भाव दुकानांच्या कामकाजाचे वेळोवेळी सामाजिक अंकेक्षण करण्यास सांगितले. मेघालयाने 2017 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

कार्यपद्धती

2011 च्या नियमांनुसार ग्रामसभेच्या किमान पंधरा दिवस आधी कागदपत्रे अंकेक्षण कक्षाला देणे आवश्यक ठरले. कक्षाचे प्रशिक्षित साधन व्यक्ती त्याच ग्रामपंचायतीचे रहिवासी नसावेत, अशीही अट घालण्यात आली. ते मजुरांची भेट घेऊन नोंदी पडताळतात आणि कामाची प्रत्यक्ष पाहणी करतात. त्यानंतर निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जातात आणि संबंधितांना तेथेच उत्तर द्यावे लागते. ज्याला अक्षरओळख नाही, तोही आपल्या नावापुढे लागलेले दिवस ऐकून खरे-खोटे सांगू शकतो.

मर्यादा

या प्रक्रियेचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे अंकेक्षण कक्षाचे स्वातंत्र्य. काम करणारी यंत्रणाच तपासणीचा निधी किंवा मनुष्यबळ रोखू शकत असेल, तर तपासणी नावापुरती उरते. अविभाजित आंध्र प्रदेशाने 2009 मध्ये त्यासाठी स्वायत्त संस्था स्थापन केली.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढील कारवाई. 2011 च्या नियमांनी अपहाराची रक्कम वसूल करण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आणि हडप झालेली मजुरी वसुलीनंतर सात दिवसांत मजुराला देण्यास सांगितले. ही मुदत वसुली झाल्यावरच सुरू होते. त्यामुळे वसुली रेंगाळली की मजुरीही अडकते. गावात तक्रार उघडपणे मांडणारा मजूर पुढच्या कामासाठी पुष्कळदा त्याच यंत्रणेवर अवलंबून असतो. कारवाई झाली नाही, तर पुढच्या ग्रामसभेत तो बोलेलच असे नाही. म्हणूनच अंकेक्षणाचे मोजमाप किती सभा झाल्या यापेक्षा किती मजुरांना त्यांचे पैसे परत मिळाले, यावर करणे अधिक योग्य ठरते.