चिमटा लांबविलेली दुचाकी : सरळ रस्त्यावर स्थिर, वळणावर अवघड

बुलढाणा, प्रतिनिधी

दुचाकीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा, पुढच्या टोकाला चेसिसशी आडव्या बोल्टने जोडलेला आणि खड्ड्यागणिक वर-खाली होणारा जो पोलादी भाग असतो, त्याला कंपनीच्या पुस्तकात स्विंगआर्म म्हणतात. गॅरेजमध्ये हे नाव सहसा कानी पडत नाही. तेथे तो ‘चिमटा’. जुन्या मोटारसायकलींत मागचे चाक चेसिसलाच घट्ट बसविलेले असे आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का स्वाराच्या मणक्यापर्यंत पोहोचे. १९४८ मध्ये पुढे आलेली रॉयल एन्फिल्डची बुलेट ही झुलता चिमटा आणि तेलाचे शॉकअप घेऊन आलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. आज आपल्या रस्त्यांवरील स्प्लेंडरपासून पल्सरपर्यंत प्रत्येक मोटारसायकलीला हीच रचना आहे.

हा चिमटा कापून, मध्ये नळीचा तुकडा जोडून चार-सहा इंचांनी लांब करण्याची हौस २००४ सालच्या ‘धूम’ चित्रपटानंतर आपल्याकडे वाढीस लागली. पडद्यावर सुझुकीची हायाबुसा दिसली आणि तसा लांबलचक, जमिनीलगत बसलेला डौल आपल्या दीडशे सीसीच्या गाडीलाही यावा, असे तरुणांना वाटू लागले. परदेशात ड्रॅग शर्यतींच्या गाड्यांचा चिमटा लांबवितात, हे खरेच आहे. परंतु तो तेथे का लांबवितात, हे समजून घेतल्यास येथे का लांबवू नये, हेही आपोआप समजते.

गाडी एकदम पुढे झेपावते तेव्हा भार मागे सरकतो व पुढचे चाक हलके होते. झेप फार जोराची असेल तर ते जमीन सोडते. मागचे चाक स्वारापासून जितके दूर, तितका हा प्रकार उशिरा घडतो. दोनशे अश्वशक्तीच्या आसपास ताकद असलेल्या हायाबुसाला म्हणूनच लांब चिमट्याचा उपयोग होतो. आता पल्सर १५० चे गणित मांडू. तिच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, १३२० मिमी आहे. गाडी आणि स्वार मिळून २२० किलो वजन धरले आणि त्यातील ५८ टक्के मागच्या चाकावर मानले, तर केवळ इंजिनाच्या ओढीने पुढचे चाक उचलण्यासाठी दर सेकंदाला ताशी ३० किमीहून अधिक वेग वाढावा लागेल. प्रत्यक्षात ही गाडी शून्यावरून ६० किमी वेग गाठायला साडेपाच-सहा सेकंद घेते, म्हणजे दर सेकंदाला दहा-अकरा किमी. पहिल्या गिअरमध्ये ओढ थोडी अधिक असते, तरी उंबरठा बराच दूर राहतो. रस्त्यावर मुले चाक उचलतात ते क्लच झटक्याने सोडून आणि हँडल ओढून. थोडक्यात, जो आजार या गाडीला झालेलाच नाही, त्यावरचे हे औषध आहे.

औषधाचे अपाय मात्र पुरेपूर भोगावे लागतात. चिमटा १०० मिमीने वाढविला की व्हीलबेस १४२० मिमी होतो. वरच्याच उदाहरणात मागच्या चाकावरील सुमारे १२८ किलोंचा भार ११९ किलोंवर येतो आणि नऊ किलो पुढे सरकतात. हँडल जड लागते. वळणासाठी लागणारी जागा साडेसात टक्क्यांनी वाढते. चार मीटरच्या वर्तुळात फिरणारी गाडी जवळजवळ एक फूट जास्त मागते. बुलढाण्याच्या आठवडी बाजारात किंवा एखाद्या गावाच्या गल्लीत हा एक फूट भिंतीतूनच काढावा लागतो!

घाटात परिणाम अधिक जाणवतो. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावच्या वाटेवरील बोथ्याचा घाट यांत एक वळण संपते न संपते तोच दुसरे उलट दिशेने सुरू होते. लांब गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकायला वेळ लावते, तेवढ्याच वळणासाठी हँडल अधिक फिरवावे लागते, आणि सवयीच्या अंदाजाने चालविणारा स्वार वळणाच्या बाहेरच्या कडेला जाऊ लागतो. उतारावर हे घडले तर समोरून एसटी येत असते. सरळ रस्त्यावर तीच गाडी अधिक स्थिर असते आणि ब्रेक लावल्यावर कमी वाकते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. पण या गुणाचे चीज होईल अशा लांबच लांब सरळ समृद्धी महामार्गावर, जो जिल्ह्यात मेहकर व सिंदखेडराजा परिसरातून जातो, दुचाकींना प्रवेशच नाही.

शॉकअपचे काय होते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. समजा मूळ चिमटा बोल्टपासून आसापर्यंत ४५० मिमी असून शॉकअप ४२० मिमीवर बसविला आहे. शॉकअपची जागा न बदलता आस १०० मिमी मागे नेला, तर चाकाला मिळणारी तरफ वाढते आणि तीच स्प्रिंग चाकापाशी सुमारे एक तृतीयांशाने मऊ पडते. मागे कोणी बसताच गाडी खाली दबते. गतिरोधकावर पोट घासते, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि वळणात मागचा भाग होडीसारखा डुलतो. शॉकअपची खालची जागाही मागे नेली, तर तो अधिक तिरपा होतो व मऊपणा वेगळ्या वाटेने परत येतो.

खरा धोका जोडाच्या जागी आहे. मूळ रचनेत शॉकअपच्या मागे आस अवघा ३० मिमी असतो. लांबविल्यावर तो १३० मिमी मागे जातो. खड्ड्याचा धक्का तेवढाच राहिला, तरी शॉकअपच्या जागी चिमट्याला वाकविणारा जोर चौपटीहून अधिक होतो, आणि नळीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडला जातो तो नेमका याच पट्ट्यात. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतच्या पोलादाचा मूळ गुण बदलतो. आत घट्ट बसणारी दुसरी नळी न घालता टोकाला टोक जोडले असेल, तर सारा भार त्या शिवणीवर येतो. तडा प्रथम रंगाखाली केसाएवढा पडतो, चिखलाने झाकला जातो, आणि एके दिवशी एक बाहू सुटतो. दुसरा बाहू मागचे चाक सरळ धरू शकत नाही. बाजूने येणाऱ्या जोरापुढेही लांब बाहू दुबळा ठरतो. ही लवचीकता लांबीच्या घनाने वाढत असल्याने ४५० चे ५५० मिमी केल्यावर चिमटा ८० टक्क्यांहून अधिक लवतो.

गावातला वेल्डर कसबी असतो, यात शंका नाही. वखर, पेरणीयंत्र, ट्रॉलीचा हूक तो वर्षानुवर्षे टिकेल असा जोडतो. मात्र चिमट्याचे दोन्ही बाहू एकाच लांबीचे आणि एकाच पातळीत राहण्यासाठी तो साच्यात आवळूनच वेल्ड करावा लागतो. असा साचा सहसा गॅरेजमध्ये नसतो. दोन मिमीचा फरक पडला तरी मागचे चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही, गाडी एका बाजूला ओढते आणि चेनसेट लवकर झिजतो. चेनही साधारण १६ कड्यांनी वाढवावी लागते, म्हणजे एकाऐवजी दोन लॉक येतात. ब्रेकची सळी किंवा डिस्कची नळी जोड देऊन लांब करावी लागते, ते वेगळेच.

आता हौसेची बाजू सोडून गरजेकडे वळू. जिल्ह्यात मोटारसायकल हे शेतीचे औजारही आहे. दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, खताचे पोते, कडब्याच्या पेंढ्या सारे मागच्या कॅरिअरवर लादले जाते. ओझे आसाच्या मागे गेले की चढावर पुढचे चाक हलके होऊन हँडल सैल पडते. त्यावर चिमटा लांबविणे हा उपाय सुचणे अगदीच चुकीचे नाही. ५० किलोंचे ओझे आसाच्या २०० मिमी मागे असेल तर ते पुढच्या चाकावरून साडेसात किलो उचलते; आस १०० मिमी मागे नेल्यास साडेतीनच किलो. मात्र जवळपास तेवढाच लाभ ओझे चार इंच पुढे सरकवून फुकट पदरात पडतो. जड वस्तू सीटला भिडवून आणि शक्य तेवढी खाली, दोन्ही बाजूंना सारखी विभागून बांधावी. मऊ पडलेले शॉकअप आणि जोड दिलेला चिमटा यांवर तेच ओझे लादणे म्हणजे दुखण्याच्या जागी आणखी भार टाकणे होय.

कायद्याची बाजू निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीतील तपशील वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि व्हीलबेस हा नोंदणीतील तपशील आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून अमलात आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा अडण्याची शक्यता राहते, तीही वेगळी.

हौस फिटली की अशा गाड्या विकल्या जातात आणि जुन्या बाजारात अनभिज्ञ ग्राहकाच्या गळ्यात पडतात. त्यामुळे घेणाऱ्याने टेप सोबत न्यावा. हँडल सरळ ठेवून पुढच्या आसाच्या मध्यापासून मागच्या आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे व पुस्तकातील आकड्याशी ताडावे. चेन ताणण्याच्या खाचांमुळे थोडा फरक पडतो, पण तो इंचाहून अधिक भरला तर शंका घ्यावी. दोन्ही बाजूंची मापे वेगळी आली तर व्यवहार तेथेच थांबवावा. शॉकअपच्या मागे वेल्डिंगची गाठ, फक्त चिमट्यालाच दिलेला ताजा रंग, चेनमध्ये दोन लॉक आणि टायर व मडगार्ड यांत वाढलेली फट ही इतर लक्षणे. मागच्या टायरला दोरा टेकवून तो पुढच्या टायरपर्यंत ताणावा. दोन्ही बाजूंना सारखी फट राहिली तर चाके एका रेषेत आहेत.

गाडी आधीच घेतली असेल, तर लांबविलेला चिमटा पुन्हा कापून आखूड करून घेऊ नये. त्याने त्याच पोलादावर दुसऱ्यांदा वेल्डिंग होते. कंपनीचा नवा चिमटा, नवे बुश आणि योग्य लांबीची अखंड चेन बसवावी, ब्रेकची सळी मूळ मापाची घ्यावी, आणि पहिले काही दिवस घाटात जाण्याऐवजी गावाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून ती एका बाजूला ओढत तर नाही ना, हे पाहावे.