म्हातारचळ आणि रक्ताच्या वाटा

‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य पुणे भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. येरवड्यात तुरुंग आहे आणि मनोरुग्णालयही आहे; बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरंच असतं. घरातली आजी एकच गोष्ट दहादा विचारू लागली, आजोबा शेतावरून परतायची वाट चुकले, की थट्टेनं म्हणा, वैतागानं म्हणा, हे तोंडातून निघतं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच असते.

सरकारी समजूतही फारशी निराळी नव्हती. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यानं ज्याचं मन ठिकाणावर नाही अशा सर्वांना एकाच शब्दात बसवलं. म्हातारचळ लागलेला माणूसही त्यातच आला. त्याची जागा घेणारा कायदा व्हायला १९८७ साल उजाडलं.

वास्तविक १८९४ च्या सुमारासच जर्मनीत बिन्सवांगर आणि आल्झायमर या दोघांनी दाखवलं होतं, की मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्या म्हणजे बुद्धी ढासळते. पुढं १९०६ साली याच आल्झायमरनं एका बाईच्या मेंदूत अगदी वेगळा बिघाड दाखवला आणि त्याचं नाव त्या रोगाला चिकटलं. गंमत अशी, की तरीही कित्येक वर्षं वृद्धांची विस्मृती दिसली की डॉक्टर ‘धमन्या कडक झाल्या’ एवढंच सांगत. मग काटा उलटा झुकला आणि सगळा दोष आल्झायमरच्या रोगाकडे जाऊ लागला. आज दिसतं ते असं, की पुष्कळ म्हाताऱ्या डोक्यांत दोन्ही बिघाड एकत्र नांदत असतात.

रक्तवाहिन्यांचं हे काम शेतकऱ्याला लवकर कळेल. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचावं लागतं, तसं रक्त खोलवरच्या केसासारख्या वाहिन्यांत पोचावं लागतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते, आणि एखादा वाफा वाळतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. असे वाफे वाढत गेले म्हणजे माणूस हिशोबात अडखळतो, मंदावतो.

येरवड्याचा एक कैदी या बाबतीत आठवतो. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात पकडलेले गांधीजी इथल्याच तुरुंगात होते. (मीठ जपून खा असं आज डॉक्टर सांगतात, स्वतः गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत काही काळ अळणी खाल्लं होतं.) त्यांचा रक्तदाब १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० नोंदला गेला आहे. १९४२ च्या ऑगस्टात त्यांना जवळच्याच आगाखान वाड्यात ठेवलं. तिथं सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, पन्नास वर्षांचे महादेवभाई देसाई हृदयविकारानं गेले. गांधीजींनी मात्र त्याच वर्षी तिथं बसून ‘आरोग्याची किल्ली’ हे पुस्तक लिहिलं. वय ७२-७३, बुद्धी लख्ख. एका माणसावरून नियम काढता येत नाही. इतका दाब झेलून शाबूत राहणारे थोडेच.

त्या काळी रक्तदाबावर औषधंही फारशी नव्हती. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेच्या मुळीचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला, तेव्हा जगाचं तिकडं लक्ष गेलं. तीच मुळी आपल्याकडं वेडावरही देत असत!

२०१९ साली अमेरिकेतल्या नऊ हजारांवर लोकांच्या चाचणीचा निष्कर्ष आला. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न ज्यांच्यावर झाला, त्यांच्यात बुद्धीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक खात्रीनं सांगण्याइतका मोठा नव्हता. दंडाला पट्टा बांधून हा दाब मोजायची सोय आता तिशीपुढच्या प्रत्येकासाठी गावच्या आरोग्य केंद्रातही आहे.