‘लॉयल्टी’ची इस्पितळी वर्षे

दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, तो १९१९ साली मुंबईहून लंडनला निघालेल्या ‘लॉयल्टी’ जहाजाच्या आठवणीत. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंधिया कंपनीचे हे धाडस गाजले, आणि ते गाजायलाच हवे होते. पण त्याच्या झगमगाटात जहाजाचा आधीचा जन्म झाकोळला. मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१४ च्या अखेरीस घेतले, ते पहिल्या महायुद्धातल्या जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ म्हणून. कोणी म्हणेल, ही संस्थानिकाची राजनिष्ठा, तिचे कसले कौतुक? आक्षेप खोटा नाही. महाराजांचा हेतू इंग्रजांना खूश करण्याचाही असणारच. पण खाटेवर पडायचा तो शिपाई, महाराज नव्हेत. मेसोपोटेमियात मराठा पलटणीही लढत होत्या, आणि तिथल्या कुतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत ११०वी मराठा होती. शिवाय अशा इस्पितळी जहाजांना १९०७ च्या हेग कराराचे संरक्षण होते: पांढरा रंग, लष्करी जहाजाला सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा, खासगी मदतीच्या जहाजाला लाल. जहाज लष्करी की खासगी, हे समुद्रावर लांबूनच ओळखू यावे अशी ही सोय! १९२३ मध्ये जहाज भंगारात गेले.