गणित बरोबर, निष्कर्ष चूक: घरातल्या एफएम ट्रान्समीटरमागची गोष्ट

संशोधनाची तयारी करत असाल तर एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटणार आहे: "हे आधीच तपासून झालंय, त्यात काही नाही." सीनियर म्हणतील, गाईड म्हणतील, पेपरमध्येही छापलेलं असेल. बऱ्याचदा ते खरं असतं. पण कधीकधी तपासलेला प्रश्न एक असतो आणि निष्कर्ष मात्र दुसऱ्याच प्रश्नावर काढलेला असतो. याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे मोबाईलमधली गाणी खोलीतल्या रेडिओवर ऐकायला हौशी लोक बनवतात तो छोटा एफएम ट्रान्समीटर.

आधी वस्तू समजून घेऊ

एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे, एक ट्रिमर कपॅसिटर, दोन-चार रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी. संपलं. कॉइल आणि कपॅसिटर मिळून वारंवारता ठरवतात. बारावीच्या सूत्रात ०.१ मायक्रोहेन्री आणि २५ पिकोफॅरड घालून बघा, उत्तर १०० मेगाहर्ट्झच्या किंचित वर येतं. म्हणजे थेट एफएम बँडमध्ये.

आता आवाज यात शिरतो कसा? गाण्याचा सिग्नल ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला की त्याच्या जंक्शनची कपॅसिटन्स जराशी कमी-जास्त होते आणि वारंवारता तिच्यामागे हलते. किती हलायला हवी? एफएम प्रसारणात ती दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ हलते. १०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत हे फक्त ०.०७५ टक्के. सूत्रात कपॅसिटन्स वर्गमुळात आहे, म्हणून तिच्यात याच्या दुप्पट, ०.१५ टक्के बदल लागतो. २५ पिकोफॅरडचे ०.१५ टक्के म्हणजे साधारण ०.०४ पिकोफॅरड. एवढा बदल नुसता हात जवळ नेला तरी होतो! म्हणूनच या सर्किटला हात लावायला गेलं की रेडिओवरचं स्टेशन सरकतं.

हे सरकणं लक्षात ठेवा. एएमच्या जमान्यातल्या इंजिनिअरसाठी हा रोग होता, आणि त्यावर औषध म्हणून ते क्वार्ट्झ क्रिस्टल लावायचे. एफएममध्ये याच सरकण्यावर आवाज स्वार होतो.

कार्सनने काय सिद्ध केलं?

१९२० च्या सुमाराला रेडिओ स्टेशनं वाढायला लागली आणि जागेची टंचाई जाणवू लागली. तेव्हा काही जणांना वाटलं की लहरीची उंची बदलण्याऐवजी वारंवारताच अगदी थोडीशी हलवली तर स्टेशन अरुंद पट्ट्यात मावेल. थोडं हलवलं की थोडीच जागा, असा सरळ हिशोब.

एटी अँड टी कंपनीतला गणिती इंजिनिअर जॉन कार्सन याने फेब्रुवारी १९२२ मध्ये पेपर लिहून हा हिशोब खोडून काढला. वारंवारता कितीही थोडी हलवा, लागणारा पट्टा आवाजातल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीपेक्षा कमी होत नाही. म्हणजे एएमइतकी जागा लागतेच. हे गणित आजही बरोबर आहे. एफएमला किती पट्टा लागतो हे काढायचा जो नियम आपण शिकतो, त्याला नावच 'कार्सनचा नियम' आहे.

पण कार्सन तिथे थांबला नाही. या पद्धतीत आवाज बिघडतो आणि बदल्यात फायदा काहीच मिळत नाही, असाही निष्कर्ष त्याने काढला. तपासला होता पट्टा, निकाल दिला सगळ्या पद्धतीवर. खरखरीचा प्रश्न त्या गणितात नव्हताच.

आर्मस्ट्राँगने प्रश्न बदलला

कोलंबिया विद्यापीठातला एडविन आर्मस्ट्राँग खरखरीच्या मागे लागला होता. वीज चमकली, मोटर सुरू झाली की लहरीची उंची बिघडते, आणि एएममध्ये आवाज त्या उंचीतच भरलेला असतो. आर्मस्ट्राँगने कार्सनचं गणित खोडलं नाही. त्याने उलटा रस्ता धरला: पट्टा वाचवायचाच नाही, उलट भरपूर वापरायचा.

का, ते असं समजा. तुम्ही रस्त्यात उभे आहात आणि डावी-उजवीकडे सरकून मित्राला खुणा करताय. गर्दीच्या धक्क्याने तुम्ही वीतभर हलता. खूणच वीतभराची असेल तर मित्राला काहीच कळणार नाही. पण रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात असाल तर वीतभराने काय फरक पडतो? तसंच नॉईजमुळे वारंवारतेला बसणारा धक्का ठरावीक असतो. सिग्नल पुरेसा ताकदवान असेल तर हालचाल दुप्पट केल्यावर खरखरीची पॉवर आवाजाच्या तुलनेत चौथाई होते. उंचीतला बिघाड तर रिसीव्हरमधलं लिमिटर सर्किट छाटूनच टाकतं.

डिसेंबर १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. सिग्नल येत होता जवळच्या याँकर्समधल्या एका हौशी मित्राच्या घरातून. पेल्यात पाणी ओतल्याचा, कागद फाडल्याचा आवाज सभागृहात स्वच्छ ऐकू आला. सविस्तर पेपर मे १९३६ मध्ये छापून आला. कार्सनच्या पेपरनंतर चौदा वर्षांनी.

पुढे काय झालं

घरातल्या घरात प्रक्षेपण ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तबकडीचा आवाज घरच्याच रेडिओवर पाठवणारे वायरलेस रेकॉर्ड प्लेअर मिळायचे, पण ते एएमवर चालायचे. अशा अगदी कमी ताकदीच्या उपकरणांना तिथे १९३८ मध्ये विनापरवाना मुभा मिळाली. एफएमची वाट मात्र खडतर निघाली. १९४५ मध्ये अमेरिकेत एफएमचा बँड ४२-५० मेगाहर्ट्झवरून ८८-१०८ वर नेला आणि आधीचे रिसीव्हर निरुपयोगी झाले. पेटंटच्या खटल्यांत आर्मस्ट्राँग खचला आणि १९५४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. उरलेले खटले त्याची पत्नी मेरियन हिने लढवले. शेवटचा १९६७ मध्ये जिंकला.

एक व्यावहारिक गोष्ट. ब्रिटनने असे ट्रान्समीटर डिसेंबर २००६ मध्ये खुले केले, तेही ५० नॅनोवॉटच्या मर्यादेत. आपल्याकडे वायरलेस उपकरणांवर १९३३ च्या कायद्यापासून परवान्याचं बंधन आलं. तेव्हा सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी सध्याचे नियम आणि सवलती नीट वाचा. एफएम रिसीव्हर दोनपैकी ताकदवान सिग्नलच पकडतो. तुमच्या गाण्यामुळे शेजाऱ्याच्या बातम्या बंद व्हायला नकोत.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी

आपण सगळे रिव्ह्यूचा तक्ता करतो: लेखक, वर्ष, पद्धत, निष्कर्ष. त्यात एक रकाना वाढवा: 'नेमकं काय मोजलं?' मग निष्कर्षाचा रकाना त्याच्याशी ताडून बघा. निष्कर्ष मोजलेल्या गोष्टीच्या पुढे गेला असेल तर तिथे खूण करा. १९२२ च्या पेपरपुढे अशी खूण करायला चौदा वर्षं कुणालाही मोकळीक होती. सवडीने दोन्ही पेपर मिळवा आणि शेजारी ठेवून वाचा. दोघांपैकी कुणाचंही गणित चुकलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचलंत तर जास्त मजा येईल.